आषाढाची कणगी : घरखर्चाचा एक अभ्यासपाठ



पाड्यावर भेटीला येणारे मंडळीचे पाहुणे परतताना मला बहुधा एकच प्रश्न विचारतात, "ताई, एवढ्याशा पैशांत ही माणसे घर चालवतात तरी कशी?" प्रश्न मायेचा असतो. त्याच्या पाठोपाठ कधी कधी दुसरा येतो, "हातात पैसा आला की उडवतात म्हणे. त्यांना बचत शिकवता की नाही?" या अंकातला पाठ या दोन प्रश्नांसाठी आहे. पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत बचत गटाच्या बायकांबरोबर बसून आम्ही घराचा जो हिशोब मांडतो, तोच इथे मांडते. भगिनी मंडळात किंवा घरी कुटुंबप्रार्थनेनंतर तो सर्वांनी मिळून वाचावा.

पगार पहिल्या तारखेला, भात दिवाळीला

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचा हिशोब महिन्याचा असतो. पहिल्या तारखेला पगार किंवा पेन्शन येते. त्यातून किराणा, दूध, लाइट बिल, मुलांची फी, मंडळीचा दशमांश असे एकेक निघत जाते. शेवटच्या आठवड्यात ओढाताण झाली तरी पुढची पहिली तारीख येणार हे ठाऊक असते.

पाड्यावर पहिली तारीख नाही. तिथला हिशोब वर्षाचा आहे. आश्विन-कार्तिकात भात, नाचणी, वरई घरात येते. दिवाळी झाली की बरीच कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणच्या बाजूला वीटभट्टीवर किंवा बांधकामावर निघतात. फाल्गुन-चैत्रात जे गावी असतात ते मोह वेचतात. वैशाख-ज्येष्ठात भट्टीचा हिशोब होतो आणि माणसे घरी परततात. मग पाऊस. राब भाजून तयार केलेल्या जमिनीत रोपे वाढतात, आषाढात आवणी होते. त्या दिवसांत शेतातले काम सर्वांत जास्त आणि घरातले धान्य सर्वांत कमी. बाहेरची मजुरी बंद, ओढ्यांना पाणी, मुलांना ताप. शेवळे, टाकळा, कुरडू या रानभाज्या ताटात असतात, पण भाजीबरोबर भाकरी लागतेच.

आषाढ-श्रावणात खायला ठेवलेल्या किंवा मागून आणलेल्या धान्याला आपल्याकडे 'खावटी' म्हणतात. शब्द साधा आहे, पण त्यात वर्षाची सगळी चिंता आहे. ही अडचण इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक की राज्य सरकारने 1978 पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्जाची योजना चालवली. कोरोनाच्या काळात तेच रूप बदलून खावटी अनुदान आले. कुटुंबामागे 4000 रुपये, निम्मे खात्यात आणि निम्मे वस्तूंच्या रूपात.

तेव्हा पहिली गोष्ट ही. पाड्यावरचे घर उधळपट्टीने अडचणीत येत नाही. धान्य येते एका महिन्यात आणि भूक लागते दुसऱ्या महिन्यात. मधले आठ महिने कसे ओलांडायचे हा खरा प्रश्न आहे.

उचल कुठे जन्मते

वीटभट्टीच्या कामाला माणसे कशी जातात हे तुम्हाला ठाऊक असावे. पावसाळ्यात किंवा गणपती-दिवाळीच्या सुमारास भट्टीचा माणूस पाड्यावर येतो आणि आगाऊ रक्कम देतो. ती 'उचल'. पुढे भट्टीवर दर आठवड्याला पोटापुरते पैसे मिळतात, ती 'खर्ची'. विटांचा भाव हजारावर ठरलेला असतो. हंगाम संपला की पाडलेल्या विटांच्या पैशांतून उचल आणि खर्ची वजा होते. काही उरले तर हातात येते. उलट काही फिटायचे राहिले तर ते पुढच्या वर्षावर जाते आणि माणूसही त्याच्याबरोबर जातो. विटा नवरा-बायको मिळून पाडतात, म्हणून घर बंद होते. घर बंद झाले की शाळेत जाणारे मूलही बरोबर निघते, कारण त्याला मागे ठेवायचे कोणाकडे?

हे नवे नाही. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात पूर्वी वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेई आणि ते फेडता फेडता नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. 1945 साली उठलेल्या वारल्यांच्या लढ्यात हीच वेठ मोडली गेली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकिकत लिहून ठेवली आहे. पुढे 1976 च्या कायद्याने देशभर वेठबिगारी रद्द झाली. कर्जाच्या बदल्यात माणसाला बांधून ठेवणे आज गुन्हा आहे. कायदा आपल्या बाजूने आहे. पण आषाढात रिकाम्या कणगीपुढे बसलेल्या बाईला कायद्याआधी पायलीभर तांदूळ लागतात. ते तांदूळ ज्याच्याकडून येतात, त्याच्याकडे तिचा हिवाळा गहाण पडतो.

शास्त्रातली दोन घरे

शास्त्रात या विषयावर दोन प्रसंग आहेत, ते मी गटात नेहमी सांगते.

पहिला उत्पत्तीच्या 41 व्या अध्यायातला. योसेफाने फारोला सल्ला दिला की सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवावा, म्हणजे दुष्काळाच्या सात वर्षांत देश तगेल. आपण इथे थांबतो आणि योसेफाच्या शहाणपणाची वाखाणणी करतो. पण 47 वा अध्यायही वाचावा. धान्य होते, पण ते राजाच्या कोठारात होते. लोकांनी आधी पैसे दिले, मग गुरे दिली, मग जमिनी दिल्या आणि शेवटी स्वतःलाच विकले. जीव वाचले, पण माणसे फारोची झाली. साठवण कोणाच्या घरात आहे यावर केवढे अवलंबून असते, हे मला या अध्यायाने शिकवले. कोठार दुसऱ्याचे असेल तर भुकेच्या वेळी किंमत तो ठरवतो.

दुसरा प्रसंग 2 राजे, चौथ्या अध्यायाच्या आरंभीचा. नवरा वारलेला, सावकार दोन मुलांना दास करून न्यायला आलेला आणि घरात फक्त तेलाची कुपी. अलीशाने त्या विधवेला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगितले. भांडी भरली. मग क्रम सांगितला : तेल विक, कर्ज फेड आणि उरलेल्यावर तू व तुझी मुले गुजराण करा. चमत्कार देवाचा, पण भांडी शेजाऱ्यांची होती. आमचा बचत गट म्हणजे मला तीच शेजाऱ्यांची भांडी वाटतात.

बारा घरांचा हिशोब

आता प्रत्यक्ष पाठ. गटातल्या बऱ्याच बायकांना लिहिता येत नाही, म्हणून वही नंतर. अंगणात राखेने बारा घरे आखायची, एकेका महिन्याचे एकेक. धान्यासाठी भाताचे दाणे, मजुरीसाठी खडे, खर्चासाठी चिंचोके. प्रत्येक बाई आपल्या घरचे वर्ष मांडते. थोड्या वेळात चित्र दिसू लागते. कार्तिकाच्या घरात दाण्यांचा ढीग, आषाढाच्या घरात चिंचोकेच चिंचोके. कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

मग धान्याचे गणित. पाच माणसांचे घर धरू, दोन मोठी आणि तीन मुले. महिन्याला साधारण 60 किलो धान्य लागते. अंत्योदय कार्ड असेल तर रेशनवर महिन्याला 35 किलो मिळते. 2023 पासून ते मोफत आहे. म्हणजे महिन्याला 25 किलोची तूट. वर्षाची 300 किलो. (प्राधान्य कुटुंबाचे कार्ड असेल तर माणशी 5 किलो, म्हणजे पाच जणांचे 25 किलो. तिथे तूट मोठी.) आता शेत. समजा चार क्विंटल भात आले. बियाण्याचे 20 किलो बाजूला. उरले 380 किलो भात. भरडल्यावर त्याचे तांदूळ जेमतेम 250 किलो.

म्हणजे 50 किलो कमी पडणारच. दोन महिन्यांची तूट. ही कितीही काटकसर केली तरी जात नाही. इथे एक मावशी मला म्हणाल्या, "मग हिशोब करून काय उपयोग, बाय? कमी ते कमीच." त्यांचे बरोबर होते. पण याच ठिकाणी पाठाचा गाभा आहे. कमतरता टाळता येत नाही, पण ती कोणत्या महिन्यात येऊ द्यायची हे ठरवता येते.

कार्तिकापासून मन मानेल तसे खाल्ले किंवा दुकानदाराच्या उधारीपोटी भात दिवाळीलाच स्वस्तात विकले, तर कमी पडणारे दोन महिने आपोआप आषाढ-श्रावण होतात. तेव्हा मजुरी नाही, म्हणजे धान्य उधारीवर किंवा उचलीवर. पण तेच 50 किलो पौष-माघात कमी पडू दिले, तर तेव्हा हाताला काम असते. धान्य रोखीने, आठवडे बाजारात, भाव करून घेता येते. तूट तेवढीच, पण एक उधारीची आणि एक रोखीची. उधारीची किती महाग पडते पाहा. आषाढात 2000 रुपये महिना शेकडा दहाने घेतले आणि पाच महिन्यांनी फेडले, तर व्याजच 1000 रुपये. तीच रक्कम गटातून महिना शेकडा दोनने घेतली तर व्याज 200 रुपये आणि तेही गटाच्याच पेटीत राहते. धान्य दिढीने घेतले असेल तर एका पायलीला दीड पायली परत.

म्हणून आम्ही योसेफाचा पाचवा हिस्सा घेतो, पण कोठार आपल्याच घरात ठेवतो. मळणी झाली की पाच पायल्यांतली एक पायली आषाढाच्या कणगीत. चार क्विंटलचा पाचवा हिस्सा 80 किलो भात. त्याचे तांदूळ सुमारे 52 किलो. दोन महिन्यांची तूट 50 किलो. गणित बायकांनी खडे मोजून स्वतः पडताळले आहे.

कणगी राखण्याच्या काही गोष्टी

या गोष्टी मला पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांनी शिकवल्या. मी फक्त लिहून काढते.

1. खावटी भात म्हणूनच ठेवावी, तांदूळ करून नाही. टरफलातला दाणा अधिक टिकतो. शिवाय भरडायला वेळ लागतो, म्हणून सहज हातही जात नाही.

2. नाचणी सर्वांत शेवटी खावी. तिला कीड सहसा लागत नाही, ती वर्षानुवर्षे टिकते. श्रावणाची भाकरी नाचणीची.

3. कणगी आतून-बाहेरून शेणमातीने सारवून पूर्ण वाळवावी, जमिनीपासून उंच ठेवावी आणि तोंड लिंपून बंद करावे. लिंपलेले तोंड फोडायचे तर घरातल्या सर्वांना कळते. हेच मोठे कुलूप.

4. ज्यांना शेत नाही, आणि बऱ्याच कातकरी कुटुंबांना ते नाही, त्यांनी रोज मूठ बाजूला काढावी. मिझोराममधल्या मंडळ्यांत बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूच्या कामासाठी वेगळे काढतात, हे तुम्ही ऐकले असेल. तीच रीत. दोन वेळच्या दोन मुठी मिळून 100 ग्रॅम धरले तर महिन्याला तीन किलो, दहा महिन्यांत 30 किलो. पोट न मारता एवढे जमते.

5. कामासाठी बाहेरगावी जाताना रेशनकार्ड बरोबर न्यावे. आता एकाच कार्डावर दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या राज्यातही धान्य घेता येते. न उचललेले धान्य नंतर मिळेलच असे नाही.

6. रोख पैशाच्या चार पुरचुंड्या : कर्जाची, आजारपणाची, शाळेची आणि सणाची. मजुरी आली की या क्रमाने भरायच्या. सण शेवटी ठेवला म्हणजे तो करायचा नाही असे नव्हे. वर्षातून एकदा नवे लुगडे आणि पोरांना गोडधोड हेही घरखर्चात धरले पाहिजे. ते धरले नाही तर ते उचलीतून येते.

जिथे हिशोब पुरत नाही

हा पाठ शिकवताना मी स्वतःलाही एक गोष्ट बजावते. हिशोबाने मजुरी वाढत नाही. हजार विटांचा भाव कमी असेल तर कणगी तो भरून काढणार नाही. पाऊस दडी मारून बसला, कर्त्या माणसाला साप चावला, बाळंतीण अडली, तर बारा घरांचे चित्र एका रात्रीत पुसले जाते. अशा वेळी गटाची पेटी कामी येते, 108 ची रुग्णवाहिका कामी येते आणि तरीही काही घरे उचल घेतातच. त्यांना कोणी बोल लावू नये. गरिबाने शहाणपणाने वागावे असे म्हणणे सोपे आहे. त्याच्या घामाचे पैसे वेळेवर आणि पुरते मिळावेत यासाठी त्याच्याबरोबर उभे राहणे हा याच पाठाचा दुसरा भाग आहे.

तरी जेवढे होते तेवढे सांगते. आमच्या एका गटातल्या बाईने गेल्या दोन पावसाळ्यांत खावटीसाठी कोणाकडे हात पसरला नाही. ती भट्टीवर जाते, अजूनही जाते. पण उचल घेतलेली नसल्यामुळे कधी जायचे आणि कधी परतायचे हे ती ठरवते. यंदा नवरा आधी गेला आणि ती मुलीची परीक्षा संपेपर्यंत गावी राहिली. मी विचारले, "कसं वाटतं?" म्हणाली, "भट्टीचा माणूस दारात आला, तर त्याला पाणी दिलं आणि परत पाठवला." एवढेच बोलली. त्या वाक्यासाठी तिने पाच पायल्यांतली एक पायली दोन वर्षे बाजूला काढली होती.

आपण काय करावे

तुमची मदत आम्हाला बहुधा नाताळच्या सुमारास येते आणि आम्ही त्याबद्दल मनापासून आभारी आहोत. पण पाड्याचे वर्ष आता तुमच्यापुढे आहे. नाताळात कणग्यांत धान्य असते. गरज आषाढात असते. तेव्हा शक्य असेल तर देणगीचा काही भाग जून-जुलैसाठी राखून ठेवा. एकेका घराला वस्तू देण्यापेक्षा गटाच्या पेटीला द्या, म्हणजे ती रक्कम फिरत राहील आणि घेणारी बाई मान वर करून घेईल. हंगामाच्या सणासाठी नाचणी, वरई लागत असेल तर ती गटांकडून योग्य भावाने घ्या.

आणि हा पाठ आपल्या घरीही लागू पडतो. आपलाही एक आषाढ असतो. कोणाचा जूनमध्ये शाळेच्या फीचा, कोणाचा विम्याच्या हप्त्याचा, कोणाचा घरातल्या लग्नाचा. तो दरवर्षी येतो, तरी आपण तो अचानक आल्यासारखे वागतो आणि क्रेडिट कार्डाच्या किंवा सोने तारणाच्या उचलीवर निभावतो. एक कागद घ्या, बारा घरे आखा, तुमचा आषाढ कोणता ते शोधा आणि त्याची कणगी हातात पैसा असेल त्या महिन्यातच भरा. तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईचा आषाढ कोणता, हेही तिला विचारून पाहा.

चर्चेसाठी प्रश्न

1. उत्पत्ती 41 आणि 47 हे दोन्ही अध्याय एकत्र वाचा. योसेफाच्या योजनेने काय वाचले आणि लोकांचे काय गेले?

2. अलीशाने विधवेला आधी कर्ज फेडायला आणि मग उरलेल्यावर जगायला का सांगितले असावे? आपल्या घरी हा क्रम उलटा होतो का?

3. त्या विधवेच्या शेजाऱ्यांनी फक्त रिकामी भांडी दिली. आपल्या मंडळीत कोणाला आज अशा भांड्यांची गरज आहे?

4. आपल्या घराचा आषाढ कोणता? त्याच्यासाठी कोणत्या महिन्यापासून पाचवा हिस्सा काढता येईल?

प्रार्थनेचे विषय

यंदाच्या आवणीसाठी आणि वेळेवर पावसासाठी. भट्ट्यांवर असलेल्या कुटुंबांच्या आरोग्यासाठी आणि त्यांचा हिशोब खरा व्हावा म्हणून. आईबापांबरोबर गाव सोडलेल्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून. बचत गटांच्या भगिनींमध्ये एकमेकींवरचा विश्वास टिकावा म्हणून.

आपली ख्रिस्तसेवेतील बहीण